नुसता उजेड

यंदाच्या अंकासाठी काहीतरी लिहून द्या, म्हणून मराठी विभागाचे विद्यार्थी-संपादक दोन महिने माझ्या मागे आहेत. "काहीही चालेल सर. तुमच्या कॉलेजच्या आठवणी द्या," असं ते म्हणतात. मी आज देतो, उद्या देतो करत टाळत आलो. भौतिकशास्त्राच्या माणसाला लिहिता येत नाही, ही सबबही सांगून पाहिली. खरं कारण निराळं आहे. वीस वर्षांपूर्वी मी बेळगावात शिकत होतो, तेव्हा तिथल्या कॉलेजच्या अशाच एका वार्षिक अंकात माझा लेख छापून आला होता. तो माझा पहिला लेख आणि आजपर्यंतचा शेवटचाही. त्या लेखात मी खोटं लिहिलं होतं.

वाचकांनी भलतीसलती शंका घेऊ नये. लेख चोरलेला नव्हता. (कविता चोरून छापणं हे अशा अंकांचं जुनं दुखणं, त्यात मी नव्हतो.) कुणा प्राध्यापकांची टिंगलही त्यात नव्हती. संगणकावरच्या एका खेळाचं ते परीक्षण होतं. खेळाचं नाव 'डूम ३'.

ज्या प्राध्यापक मंडळींना हे नाव ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या जातीच्या खेळात आपला चेहरा आपल्याला दिसत नाही. पडद्याच्या खालच्या बाजूला बंदुकीची नळी तेवढी दिसते. बाकी सारं आपल्याच डोळ्यांनी पाहायचं, आपणच चालायचं, वळायचं आणि समोर येईल त्याला गोळी घालायची. अमेरिकेत टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअर या कंपनीनं १९९३ च्या डिसेंबरात पहिला 'डूम' काढला आणि जगभरच्या कॉलेजांतल्या पोरांच्या अभ्यासाचं वाटोळं केलं. तिसरा भाग आला ३ ऑगस्ट २००४ रोजी. गोष्ट अगदी साधी. साल २१४५. मंगळावर एक संशोधन केंद्र आहे. तिथले शास्त्रज्ञ नको ते प्रयोग करतात आणि नरकाचं दार उघडतं. केंद्रातली माणसं भुतं होतात. एक बिननावाचा शिपाई तेवढा शिल्लक राहतो. तो शिपाई म्हणजे आपण.

पण त्या वेळी गोष्टीबद्दल कुणी बोलत नव्हतं. बोलत होते ते दिसण्याबद्दल. खेळ येण्याच्या आधी तीन वर्षं त्याची चित्रं इंग्रजी मासिकांत छापून येत होती, आणि आम्ही ती टिळकवाडीतल्या रद्दीच्या दुकानातून आणून भिंतीला चिकटवत होतो.

आम्ही चौघे टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ एका निवृत्त हवालदारांच्या माडीवर राहत होतो. आमच्यात नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. ज्याचं जे गाव तेच त्याचं नाव. गोकाक, खानापूर, चिकोडी आणि मी निपाणी. संगणक चिकोडीचा, कारण त्याच्या वडिलांची अडत होती. पेन्टियम फोर, २५६ मेगाबाइट मेमरी. 'डूम ३' ला ३८४ तरी हवी होती, आणि शिवाय वेगळं ग्राफिक्स कार्ड. ही माहिती मीच काढून आणली. पैसे काढायची कल्पनाही माझीच. चौघांनी मिळून वर्गणी केली. वापरलेलं १२८ मेगाबाइटचं एक कार्ड आणि मेमरीची आणखी एक पट्टी मिळून बहात्तरशे रुपये झाले, म्हणजे माणशी अठराशे.

माझे अठराशे कुठून आले ते सांगायलाच हवं. माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, आणि दिवसभर बोटं चालू. निपाणीच्या निम्म्या घरांत तेव्हा हेच दृश्य होतं. पुस्तकांसाठी हवेत, असं सांगून मी तिच्याकडून पैसे आणले. कुठली पुस्तकं, असं तिनं विचारलंही नाही.

सीडी तीन होत्या. त्या आमच्याकडे कशा आल्या हे विचारू नये. २००४ सालच्या बेळगावात सगळ्यांकडे जशा येत होत्या तशाच आल्या. डिसेंबरची थंडी होती. खोलीतला दिवा मालवला, चौघे एका पांघरुणात बसलो आणि खेळ सुरू केला.

आता मला त्या खेळाचं जे खरं कौतुक आहे ते आधी करू द्या. पहिला अर्धा तास काहीच घडत नाही. आपण केंद्रात हिंडतो. माणसं कामं करत असतात, एकमेकांशी कुरकुरत असतात. भिंतीवरच्या यंत्रांचे पडदे नुसते रंगवलेले नव्हते. जवळ गेलं की बंदूक खाली होते आणि त्या पडद्यावर बाण येतो, हव्या त्या बटणावर नेऊन दाबायचा. पडद्यातला पडदा! चिकोडीनं तर तिथल्या एका यंत्रावरचा कोंबडीला बुक्क्या मारायचा खेळ अर्धा तास खेळून वेळ काढला. (टर्की नावाचा तो पक्षी, आमच्या दृष्टीनं कोंबडीच.) मेलेल्या माणसांच्या आवाजातल्या नोंदी सापडतात, त्या ऐकाव्या लागतात. ज्याचा आवाज आपण ऐकला त्याचंच प्रेत पुढच्या वळणावर पडलेलं असतं. हे सगळं उत्तम होतं, अजूनही मी ते उत्तमच म्हणेन.

आणि उजेड! तोवरच्या खेळांत सावल्या आधीच रंगवून ठेवलेल्या असायच्या. गावच्या जत्रेतल्या नाटकात मागच्या पडद्यावर राजवाडा रंगवलेला असतो ना, तशा. दिवा हलला तरी सावली हलायची नाही. जॉन कार्मॅक हा त्या कंपनीचा मुख्य प्रोग्रॅमर. त्यानं रंगवलेला पडदा फाडून टाकला आणि रंगमंचावर खरा दिवा आणला. छताला लोंबणारा बल्ब हलला की खोलीतली प्रत्येक सावली हलायची. राक्षस वळणाच्या पलीकडे असतानाच त्याची सावली भिंतीवर आधी यायची. पंख्याच्या मागे दिवा असला तर पात्यांच्या सावल्या आपल्या हातावरच्या बंदुकीवरून फिरत जायच्या. आमच्या पंधरा इंची पडद्यावर, सगळ्यात कमी दर्जा लावून, सेकंदाला जेमतेम पंधरा-वीस चित्रं निघत होती, तरी आम्ही तोंडात बोटं घातली. खानापूर ओरडायचा, "काय करूलास रे! मागं बघ की, मागं!" आणि मी मागं वळायच्या आत एखादा राक्षस अंगावर आलेला असायचा.

ही झाली पहिली रात्र. तिसऱ्या रात्रीपासून काहीतरी बिघडू लागलं.

तेच दार, तोच बोळ. वाटेत चिलखत पडलेलं दिसलं की समजावं, आता हे उचललं की दिवे जाणार, मागची भिंत सरकणार आणि तिच्यातून कुणीतरी बाहेर येणार. पहिल्यांदा माणूस दचकतो. पाचव्यांदाही दचकतो, कारण दचकणं हे शरीराचं काम आहे. त्याला विचारून होत नाही. पण दहाव्यांदा मी चिलखत उचलायच्या आधीच पाठ भिंतीला लावून उभा राहू लागलो. आठवडाभरात आम्ही बोळ पाहून सांगायचो, राक्षस कुठून येणार ते. एकदा गोकाकनं भिंतीच्या एका फळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथून." आणि तिथूनच आला. कुणी हसलंही नाही.

आणखी एक गोष्ट. या शिपायाकडे बॅटरी होती. (टॉर्चला आमच्याकडे बॅटरीच म्हणतात.) पण बॅटरी हातात घेतली की बंदूक ठेवावी लागे, आणि बंदूक घेतली की बॅटरी. दोन्ही एकदम नाही. म्हणजे दिसलं की मारता येत नाही आणि मारायला घेतलं की दिसत नाही. एका रात्री आरडाओरडा ऐकून घरमालक हवालदार वर आले. आयुष्य लष्करात गेलेला माणूस. मागे उभे राहून बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "पोरांनो, मंगळावर गेलेल्या फौजेला एक चिकटपट्टी मिळू नये का? बॅटरी बंदुकीला बांधायची. संपलं." आम्ही पोट धरून हसलो. पुढे कळलं की परदेशात कुणीतरी खेळ निघाल्या-निघाल्या नेमकं हेच केलं होतं. बंदुकीला बॅटरी जोडून देणारी एक छोटी दुरुस्ती त्यानं सगळ्यांना फुकट वाटली होती, आणि तिचं नावच चिकटपट्टीवरून ठेवलं होतं! हवालदार साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग? अक्कल सगळीकडे सारखीच."

त्याच आठवड्यात एका रात्री वीज गेली. संगणक बंद. करायला काही नाही, म्हणून गोकाक बोलू लागला. १९९० च्या दशकात बेंगळुरूकडे आणि कर्नाटकात ठिकठिकाणी एक अफवा उठली होती. रात्री एक बाई दारावर थाप मारते. हाक मारते ती आपल्याच माणसाच्या आवाजात, आईच्या, बहिणीच्या. दार उघडलं की संपलं. मग लोकांनी दारावर दोन शब्द लिहून ठेवले, 'नाळे बा'. उद्या ये. ती येते, वाचते, परत जाते. दुसऱ्या रात्री पुन्हा येते, पुन्हा तेच वाचते. (पुढे २०१८ साली 'स्त्री' या हिंदी चित्रपटात हीच कल्पना आली तेव्हा सारा देश हसला. त्या रात्री आम्हाला हसू आलं नव्हतं.) गोकाक काही फार रंगवून सांगणारा नव्हे. पण 'आईच्या आवाजात' असं तो म्हणाला आणि आम्ही चौघेही गप्प झालो. थोड्या वेळानं हवालदार मेणबत्ती मागायला वर आले आणि दारावर थाप मारून हाका मारू लागले. सांगायला संकोच वाटतो, पण वीस वर्षांच्या आम्हा चार घोड्यांपैकी एकानंही दार उघडलं नाही.

वीज आली तेव्हा संगणक पुन्हा चालू केला. मंगळावरचा तो बोळ समोर आला. गोकाक पडद्याकडे पाहत कानडीत म्हणाला, "बरी बेळकु ऐती. अंजिके इल्ल." नुसता उजेड आहे, भीती नाही.

मला त्याचा राग आला. कारण तो खरं बोलला होता आणि माझे अठराशे रुपये त्यात होते. त्याचेही होते, पण वर्गणीची कल्पना माझी होती. मी म्हणालो, "तुला कळत नाही. तंत्र बघ." नंतरच्या महिनाभरात मी तंत्र, तंत्र एवढंच बोलत होतो. जानेवारीत वार्षिक अंकासाठी लेख मागवले गेले आणि मी दोन रात्रीत लेख लिहिला. 'भीतीचं नवं युग' असं त्याचं भारदस्त नाव. हा खेळ एकट्यानं रात्री खेळणारा अजून जन्मायचा आहे, असं त्यात वाक्य होतं. खेळ मी पूर्ण पाहिलेला नव्हता. निम्म्यात कंटाळून सोडला होता. शेवटच्या भागांची वर्णनं मी मासिकात वाचून लिहिली आणि भीतीची वर्णनं नारायण धारपांच्या कादंबऱ्या वाचताना लहानपणी जे वाटलं होतं ते आठवून लिहिली! धारपांच्या भीतीला पुण्यातला एखादा साधा वाडा आणि चहाचा कप पुरायचा. ती भीती मी उचलली आणि मंगळावर नेऊन ठेवली. लेखाचं कौतुक झालं. आमच्या मराठीच्या सरांनी वर्गात येऊन विचारलं, "हा कोण?"

अंकात पहिला मराठी विभाग, मग एक पिवळा कागद, मग कानडी विभाग अशी रचना होती. आपल्याकडच्या अंकांची असते तशीच. "मीपण काहीतरी दिलंय," असं गोकाक म्हणाला होता. मी पिवळा कागद उलटला नाही. आपल्यापैकी किती जण उलटतात?

आमच्या मागच्या वर्गात एक मुलगा होता, गाव संकेश्वर, म्हणून तोही संकेश्वर. वसतिगृहात त्याच्या खोलीत कुणा नातेवाईकाचा संगणक होता. माझा लेख त्यानं वाचला आणि दुसऱ्या सत्राची फी भरायला घरून आलेल्या पैशातून कार्ड आणलं. मला हे कळलं ते आणल्यावर. तो मोठ्या आनंदानं सांगायला आला होता. बोलता बोलता त्यानं विचारलं, "दादा, तुला खरंच एवढी भीती वाटली होती?" तेव्हा नाही म्हणता आलं असतं. दुकानदारानं दोन दिवसांत कार्ड परतही घेतलं असतं. मी म्हणालो, "वाटली की." पुढं दंडासह फी भरताना त्यानं घरी काय सांगितलं, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. मी त्याला टाळू लागलो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत निपाणीला आलो. माझ्या काकांची वेदगंगेच्या काठी यमगर्णीकडे थोडी जमीन आहे, ऊस असतो. मोटारीची वीज रात्रीच यायची, म्हणून रात्री दारं धरायला जावं लागे. एका रात्री मी काकांबरोबर गेलो. त्यांच्या एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. मला लगेच शिपाई आठवला. काकांना सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "देवानं दोन हात दिल्यात की रं. त्येला एकच व्हता व्हय?" मी हसलो. पण मग लक्षात आलं की काका बॅटरी लावतच नव्हते. बांधावरून अंधारात सरळ चालले होते. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "लावली की तेवढं गोल दिसतंय बघ. बाकीचं आंधळं हुतंय. न लावता डोळं सरावत्यात. काय वाजलं तरच लावायची."

"मग भीती नाही वाटत?"

काका थोडं चालले. मग म्हणाले, "वाटती. लावायच्या आदी."

त्याच वेळी उसात काहीतरी सळसळलं. काका थांबले. मी थांबलो. त्यांनी काठी डाव्या हातात घट्ट धरली. बॅटरीच्या बटणावर अंगठा ठेवला आणि लावली नाही. एक क्षणभरच असेल. मग लावली. काही नव्हतं; मुंगूस असेल. पण त्या एका क्षणात माझ्या पाठीतून जे गेलं ते मला ओळखीचं वाटलं. खेळातही मला ते वाटलं होतं, अगदी पहिल्या रात्री: हातात बंदूक आहे, समोर काळोख, काहीतरी हललं आहे, आता बंदूक ठेवू आणि बॅटरी घेऊ की नको? मागची भिंत सरकण्याशी त्याचा संबंध नव्हता. ज्या गोष्टीला आम्ही सगळे हसलो, जी हवालदारांना चिकटपट्टीनं दुरुस्त करायची होती, त्या खेळातली खरी भीती फक्त तिथे होती. आणि माझ्या तीन पानी लेखात बॅटरीबद्दल एक ओळ नव्हती. दोष म्हणूनही नाही, गुण म्हणूनही नाही. परीक्षण म्हणतात ते हे!

याचा पडताळा पुढे मिळाला. २०१२ साली कंपनीनं त्याच खेळाची सुधारलेली आवृत्ती काढली. लोकांची तक्रार ऐकून बॅटरी शिपायाच्या चिलखतालाच बसवून टाकली होती. ती थोडा वेळ चालते, मग तिला विसावा द्यावा लागतो, पण बंदूक हातात राहते. उजेडही वाढवला होता. मी तोवर नोकरीला लागलो होतो, त्यामुळे या वेळी पैसे माझे होते. रविवारी दुपारी खेळायला बसलो. सोयीचं झालं होतं, यात शंका नाही. दोन तासांत मला झोप आली.

वर्गात मी प्रकाशाचा धडा शिकवतो तेव्हा मला हा खेळ आठवतो. मुलांना सांगत नाही, पण आठवतो. दिवा जर बिंदूएवढा असेल तर सावलीची कड धारदार पडते. आपल्या कंदिलाची ज्योत बिंदूएवढी नसते, तिला रुंदी असते. म्हणून गडद सावलीच्या भोवती एक फिकी सावली असते. गडद ती प्रच्छाया, फिकी ती उपच्छाया. कार्मॅकच्या रीतीत दिव्यापासून वस्तूच्या कडांना धरून रेषा मागे ओढल्या जात. त्या रेषांमध्ये काळोखाचा जणू एक ठोकळा तयार होई, आणि पडद्यावरचा प्रत्येक ठिपका या ठोकळ्याच्या आत आहे की बाहेर, एवढंच संगणक तपासत असे. आत असला तर त्या दिव्याचा उजेड त्याला नाही. त्या काळच्या यंत्रांच्या मानानं हे अचाट काम होतं, आणि २०११ सालापासून तो सगळा प्रोग्रॅम वाचायलाही खुला आहे. संगणक विभागाच्या मुलांनी जरूर पाहावा. पण आत किंवा बाहेर, मधलं काही नाही. प्रच्छाया आहे, उपच्छाया नाही. आमच्या घराच्या मागे तंबाखूची वखार होती. तिच्या दारात कंदील टांगलेला असायचा आणि पोत्यांची थप्पी संपून भिंत सुरू व्हायची तिथे कुठला भाग पोतं, कुठला भाग सावली, हे मला लहानपणी कधी नीट कळलं नाही. तिकडे मी बघायचो नाही. तिथे कधी कुणी उभं नव्हतं, हेही मला ठाऊक आहे.

तर, परीक्षण. २००५ साली करायला हवं होतं ते आज करतो. उजेडाला दहापैकी नऊ, कापलेल्या कडांचा एक वजा. पहिल्या अर्ध्या तासाला आणि मेलेल्या माणसांच्या आवाजांना आठ. सरकत्या भिंतींना दोन, तेही पहिल्या रात्रीसाठी. बॅटरीला पैकीच्या पैकी. सगळ्याची सरासरी काढू नये. माझ्या लेखात मी तीच काढली होती आणि ती दहा आली होती.

गोकाकचा लेख मी २०१३ साली वाचला. घर बदलताना जुना अंक सापडला. कानडी मला शाळेपासून येतं, पण हात जुना झाला होता. अक्षरं जुळवत वाचलं. लेखाचं नाव 'बेळकु मत्तु कत्तलु', म्हणजे उजेड आणि काळोख. दीड पान. त्यानं भिंती सरकण्याचं लिहिलं होतं, 'नाळे बा' चं लिहिलं होतं, आणि खेळ दिसायला सुंदर असून पुन्हा पुन्हा तेच करतो, असं स्वच्छ म्हटलं होतं. शेवटी दोन वाक्यं होती. हे मला माझ्या खोलीतल्या मित्राला तोंडावर सांगायला धीर होत नाही. त्यात त्याच्या आईचे विड्यांचे पैसे आहेत.

मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याला कुठून कळलं कोण जाणे. त्या रात्री त्याला फोन केला. तो बेंगळुरूला असतो. म्हणालो, आज वाचला. तो म्हणाला, "आठ वर्षांनी? होगली बिडो." म्हणजे, जाऊ दे. मग आम्ही त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल बोललो.

गेल्या दिवाळीत निपाणीच्या बसस्टँडवर संकेश्वर भेटला. केस पांढरे झालेत, पण त्यानंच मला ओळखलं. गावात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. चहा घेतला. तोच म्हणाला, दादा, तुझ्यामुळे तो खेळ खेळलो. मग मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. लेख खोटा होता, मी खेळ पुरा केला नव्हता, भीती वाटली नव्हती, आणि तू विचारलंस तेव्हाही मी खोटंच बोललो. तुझ्या फीचे पैसे माझ्यामुळे गेले. मला वाटलं, तो हसेल, किंवा म्हणेल, सोड, जुनी गोष्ट आहे.

तो चिडला. चहाचा कप बाकावर ठेवून म्हणाला, "दादा, तू खोटं लिवलं असशील. मी खोटा घाबरलो नव्हतो." वसतिगृहात तो एकटाच खेळायचा, सगळे झोपल्यावर, कानात हेडफोन घालून. पुरा खेळला, शेवटपर्यंत. बाळाचं डोकं आणि माशीचे पंख असलेला तो राक्षस अंधारातून उडत आला तेव्हा त्यानं संगणकाची वायर ओढून काढली होती आणि सकाळपर्यंत पांघरुणातून पाय बाहेर काढला नव्हता. मी त्या भागापर्यंत पोचलोच नव्हतो. फी उशिरा भरली म्हणून वडील बोलले, तेही त्यानं सांगितलं, पण ते सांगताना त्याचा आवाज चढला नाही. मी त्याची भीती खोटी ठरवतोय, याचाच त्याला राग होता.

मी म्हणालो, यावर लिहू का? कॉलेजचे पोरगे लेख मागतायत. तो म्हणाला, लिही, पण माझं वाक्य आहे तसं घाल. घातलं आहे.

तेवढ्यात त्याची संकेश्वरची गाडी लागली. अंक निघाला की पाठव, म्हणाला, आणि पत्ता तिकिटाच्या पाठीमागे लिहून दिला.